वाक्यात नसलेला ‘मी’

“मी चुकले असं मी लिहून देणार नाही. हे आधी ऐकून घ्या, मग बाकीचं.”

खुर्चीवर टेकायच्या आधीच त्या मुलीने हे सांगून टाकलं. हवालदार नरध्वज बुढाथोकींच्या हातातला चहाचा ग्लास ओठांपाशीच थांबला. काठमांडूतल्या बागबझारच्या या दुसऱ्या मजल्यावर येणारी माणसं सहसा आधी रडत आणि मग बोलत. ही तर आल्या आल्या भांडायला उभी होती.

“लिहून मागतंय कोण?” चिनीशोभा तुलाधरने विचारलं.

चिनीशोभाने वीस वर्षं जिल्हा न्यायालयात लोकांच्या जबान्या उतरवून घेतल्या होत्या. मग ती नोकरी सोडून तिने हे खासगी चौकशीचं कार्यालय थाटलं. माणूस काय बोलतो यापेक्षा कसं बोलतो याकडे तिचा कान जास्त. फौजेतून निवृत्त होऊन तिच्या हाताखाली आलेल्या हवालदारांना या सवयीचा फार त्रास व्हायचा, कारण त्यांच्या बोलण्यालाही ती तोच कान लावायची.

मुलगी बसली. नाव पबित्रा नेम्बांग, वय सत्तावीस, मूळची पूर्व नेपाळातल्या पांचथरची. काठमांडूत कोरियन भाषेची दुभाषी म्हणून पाच वर्षं काम करत होती.

“महाराजगंजला दीर्घमान कार्कींचं ऑफिस आहे,” ती म्हणाली. “कोरियाला कामगार पाठवतात. त्यांनी पाठवलेला एक मुलगा, सोनाम मोक्तान, समुद्री शेवाळाच्या कारखान्यात होता. दीड महिन्यापूर्वी मशीनमध्ये त्याचा हात गेला. तीन बोटं. अजून तिकडेच इस्पितळात आहे. मशीनवर लोखंडी जाळी असते, ती काढलेली होती. कोणी काढायला लावली, एवढाच प्रश्न. कारखान्याचे व्यवस्थापक बांग साहेब त्यासाठी इकडे आलेत. काल सकाळी बैठक झाली. सोनामकडून त्याची बहीण फूलमाया आली होती.”

“आणि बांग काय म्हणाले?”

“चहाच्या थोडं आधी ते उठून उभे राहिले आणि बोलले. मी ते सांगितलं, ‘जाळी काढायला मीच सांगितलं होतं. मशीन हळू चालायचं.’”

“थांबा,” हवालदार म्हणाले. “जाळी तुम्ही काढायला सांगितलीत?”

“मी नाही हो, दाइ! मी म्हणजे बांग. दुभाष्याने बोलणाऱ्याच्या जागी बसून बोलायचं असतं. खुर्चीत असेपर्यंत आम्हाला स्वतःचा ‘मी’ नसतो.”

‘दाइ’, म्हणजे दादा, अशी हाक ऐकून हवालदारांनी मान हलवली. फारसं पटलेलं नव्हतं.

“मग चहा झाला,” पबित्रा पुढे म्हणाली. “चहानंतर बांग साहेब आत आले ते बदलूनच. म्हणाले, मी ‘मी’ असं म्हटलंच नाही, दुभाषीने पदरचं घातलं. सोनामनेच सांगितलं होतं, ‘काढून द्या’ म्हणून. मी वही बघायला गेले, तर वही जागेवर नाही.”

“कसली वही?”

“ऐकताना खुणा करते ती. आज सकाळी अंबिकाला सोफ्याच्या गादीखाली सापडली. अंबिका म्हणजे तिथली बैठकीचं टिपण लिहिणारी. तिने मला फोन करून बोलावून दिली.” पबित्राने पिशवीतून वरून उलटायची तारेची वही काढली. “सगळी पानं आहेत. तेवढं एक नाही.”

हवालदारांनी वही चाळली. बाण, गोल, अर्धवट रेघा, मधेच एखादं डोळ्यासारखं चिन्ह, आणि प्रत्येक तुकड्यावर एक तिरकी रेघ मारलेली. अख्ख्या वहीत वाचता येईल असा शब्द नव्हता.

“तिरकी रेघ म्हणजे तेवढं सांगून झालं,” पबित्रा म्हणाली.

“त्या पानावर काय होतं?” चिनीशोभाने विचारलं.

“बांग साहेबांनी ‘मी’ म्हटलं नव्हतं, हे खरं आहे. त्या भाषेत म्हणावं लागत नाही. त्यांनी फक्त आठवण सांगितली, ‘काढ!’ म्हटलं, असं. शब्द जसा त्या वेळी बोलला गेला तसाच. आता ‘काढ’ आणि ‘काढून द्या’ यात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून मी खुणेखाली बाण काढला. खालच्याला बोललेलं असलं की खाली बाण, वरच्याला असलं की वर. आमच्या नेपाळीत ते वाक्य नीट बसवायचं तर कर्ता लागतोच, म्हणून ‘मीच सांगितलं’ असं केलं. तिथे कोणीच दुसरा असू शकत नव्हता.”

“हे तुम्ही काल तिथे सांगितलंत?”

पबित्राने मान खाली घातली, पहिल्यांदाच. “नाही. वही नव्हती. आम्हाला शिकवलंय, आठवणीवर भांडायचं नाही, कागदावर भांडायचं. मी एवढंच म्हटलं, ‘ऐकलं तेच सांगितलं.’ ‘काढ’ची गोष्ट आत्ता तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.”

“या खुणा कोणी शिकवल्या?”

“लोकनाथ रिमाल सरांनी. इथेच, दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं भाषा केंद्र आहे. दुभाष्यांची आमची एकच तुकडी झाली, आठ जणांची. बाकी सात देशाबाहेर आहेत. कार्कींनी बोलावलं म्हणून सर कालच्या बैठकीला होते, पण बांग साहेब बोलले तेव्हा ते गॅलरीत होते.” तिचा आवाज चढला. “आणि सरांकडे बघू नका. पांचथरहून आले तेव्हा मला नेपाळीसुद्धा धड येत नव्हतं, घरची लिंबू भाषाच बोलायचे. त्यांनी मला उभं केलं. काल संध्याकाळी मी त्यांच्याकडेच गेले होते.”

“काय म्हणाले?”

“सही करून टाक, पोरी, म्हणाले. पुढे काम मिळेल.”

“बांग नेमकं काय बोलले, ते विचारलं?”

“नाही विचारलं. मी रडत होते ना.”

दुपारी चारपर्यंत तिने चूक झाल्याची कबुली कार्कींना सही करून द्यायची होती. नाहीतर दुभाष्यांच्या सामाईक यादीतून तिचं नाव कटणार, आणि मग शहरातलं एकही ऑफिस तिला दारात उभं करणार नाही. सही केली तर नाव राहणार, पण चूक तिची आणि जाळी सोनामची ठरणार.

“यादी गेली तर गेली,” उठताना ती म्हणाली. “मी मोमो विकेन. पण जे मी चुकले नाही ते चुकले म्हणून लिहिणार नाही.”

—

महाराजगंजच्या ऑफिसच्या अंगणात पौषातलं कोवळं ऊन पडलं होतं. तिथे फाटकाशी एक बाई उभी होती. तीच फूलमाया मोक्तान. रखवालदाराने दोनदा हाकललं तरी ती हलली नव्हती.

“चार वाजेपर्यंत उभी राहीन, मग बघू कोण उचलतं,” ती म्हणाली.

“काल तुम्ही काय ऐकलंत?” चिनीशोभाने विचारलं.

“‘जाळी काढायला मीच सांगितलं होतं.’ त्या दुभाषी बहिनीच्या तोंडून ऐकलं. पण साहेब तेव्हा उभा राहून बोलत होता, दिदी. खोटं बोलायला कोणी उभं राहतं का?”

आत अंबिका घर्ती टेबलाशी बसली होती. टिपणवहीवर कोपरं ठेवून, जणू कोणी ती पळवणार आहे.

“मालक म्हणतात कालचं वाक्य बदलून लिही,” ती हळूच म्हणाली. “मी म्हटलं, शाई वाळली.”

चिनीशोभाने वही वाचली. ‘श्री. बांग : जाळी काढायला मीच सांगितलं होतं.’

“तुला कोरियन येतं?”

“दोन वर्षं सरांच्या क्लासला गेले, दोनदा परीक्षेत आपटले. आता ‘चहा घ्या’ येतं आणि ‘दार लावा’ येतं. ते बोलायला लागले की माझ्या कानात नुसता पाऊस.”

“पबित्राची वही बघितलीस?”

“गादी झटकताना सापडली तेव्हा उघडून बघितली ना. कोंबडी चालून गेल्यासारखी. उलटी धरली की सुलटी तेही कळेना.”

“चहा कोणी दिला?”

“मीच. फोनची टोपलीही माझ्याच टेबलावर होती. बैठकीला फोन चालत नाहीत, मालकांचा नियम. आत जाताना सगळ्यांचे टोपलीत, चहा संपला की परत. काल सगळ्यांना माझ्या हातांनी मोजून दिले.”

बाहेर आल्यावर हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. “बहिनी, हीच ती. ट्रे हिच्याच हातात, वही हिलाच सापडली. दोनदा नापास झालेली, पोटात दुखत असणार.”

“आणि मालकाने सांगूनही टिपणातलं वाक्य बदललं नाही, ते?”

“तो कावा.”

“तुम्ही फौजेत होतात ते शत्रूच्या भल्यासाठीच,” चिनीशोभा म्हणाली.

दीर्घमान कार्की जाड आणि घाईतले गृहस्थ. दोन्ही हातात दोन फोन.

“हे बघा दिदी, माझं कोणाशी वैर नाही. मला कोरियन कळत नाही, बांग साहेबांना नेपाळी कळत नाही. पबित्रा म्हणाली ‘जाळी काढायला मीच सांगितलं’, मी म्हटलं बरं झालं, सुटलो. चहानंतर साहेब म्हणतात असं म्हटलंच नाही. आता गिऱ्हाइकाला खोटं कसं पाडू? पोरीने सही केली की सगळे मोकळे.”

“सोनाम सोडून.”

कार्कींनी एक फोन टेबलावर उपडा ठेवला.

“मशीनवर सोनामबरोबर आणखी कोण असायचं?”

“त्या ओळीत तो एकटाच परदेशी. सगळ्यात नवा, सगळ्यात धाकटा. वर बांग साहेब.”

“बैठकीत गॅलरीचं दार उघडं होतं?”

“या दिवसांत गॅसचा हीटर लावला की माझं डोकं धरतं. दार मी उघडंच ठेवतो. रिमाल सर तिथेच उन्हाला उभे होते. भला माणूस. या सगळ्या कटकटीत एक तरी चांगलं झालं. चहानंतर साहेबांनी मला सांगितलं, यापुढे कारखान्याची दोनशे मुलं शिकायला रिमाल सरांकडेच पाठवा म्हणून.”

—

भाषा केंद्राच्या जिन्यातून दोन हमाल नवे बाक वर चढवत होते. हवालदारांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. वर वर्गात तीसेक मुलं एका सुरात कोरियन वाक्यं घोकत होती.

रिमाल सर खोलीच्या दारापर्यंत सामोरे आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा कोट, हाताला खडू.

“पबित्राने पाठवलं ना? बसा. चहा मागवतो.” ते खरंच दुखावलेले वाटत होते. “पोरगी सोन्यासारखी आहे. वीस वर्षांत अशी एकच आली.”

“बांग बोलले तेव्हा तुम्ही आत नव्हतात?”

“नव्हतो, हेच दुर्दैव. फोन आला म्हणून गॅलरीत गेलो, आणि तो लांबला. परत आत आलो तेव्हा ट्रे फिरत होता. मी आत असतो तर तिच्या बाजूने उभा राहिलो असतो.”

“बांगशी तुमचं काही बोलणं झालं?”

“नमस्कार, हवापाणी. मला त्यांच्याशी काय करायचंय?”

“तुम्हाला काय वाटतं, तिने ‘मी’ पदरचा घातला असेल?”

सर हसले, शिकवायला सुरुवात करताना मास्तर हसतात तसे. “दिदी, ती भाषाच तशी आहे. कर्ता गाळला तरी चालतं. आता बघा, ‘काढ’ म्हटलं. कोण म्हणालं? कोणाला म्हणालं? वाक्यात काही नाही. ऐकणाऱ्याने भरायचं. तिने ‘मी’ भरला. दुसऱ्याने ‘तो’ भरला असता. तरुण आहे, सोनामची दया आली असेल. चूक मोठी नाही, कबूल केली की संपली.”

“म्हणून तुम्ही तिला सही करायला सांगितलंत.”

“तिच्या भल्यासाठी.”

परत येताना हवालदार खुशीत होते. “मास्तर सुटला. फोनवर होता. राहिली कोण? अंबिका.”

चिनीशोभा रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून तिचा उद्धार केला.

“हवालदारदाइ, काल त्या खोलीत बांग काय बोलले, हे आज आपल्याला पाच जणांनी सांगितलं. प्रत्येकाचे शब्द आठवतात?”

“सगळ्यांनी एकच सांगितलं की. जाळी काढायला सांगितलं.”

“हो ना,” ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली. हवालदारांना तिचं हे ‘हो ना’ मुळीच आवडायचं नाही.

—

चार वाजता कार्कींच्या बैठकीच्या खोलीत हीटर सुरू होता आणि गॅलरीचं दार उघडं होतं. बांग पायाशी बॅग ठेवून बसले होते. पन्नाशीचे, विटलेल्या चेहऱ्याचे, रात्रभर झोप न लागलेल्या माणसासारखे. शेजारी रिमाल सर. अंबिका टिपणवही घेऊन कोपऱ्यात. फूलमायाला चिनीशोभाने हाताला धरून आत आणलं होतं. खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

कार्कींनी कागद आणि पेन पबित्रापुढे सरकवलं. “कर बहिनी, साहेबांना विमानतळ गाठायचाय.”

“थांबा,” चिनीशोभा म्हणाली. “सही व्हायच्या आधी मला बोलायचंय. आणि मी बोलेन त्यातला शब्द न् शब्द बांग साहेबांना कळला पाहिजे.”

“मी सांगतो त्यांना,” रिमाल सर म्हणाले.

“नको सर. तुमच्याबद्दलच बोलायचंय. पबित्रा, तू सांगत जा.”

पबित्राचा चेहरा उतरला. तिने एकदा सरांकडे बघितलं. मग पाठ ताठ केली आणि बांग यांच्या शेजारी जाऊन बसली. चिनीशोभा बोलेल तसं ती हळू आवाजात कोरियनमध्ये सांगायला लागली.

“पहिली गोष्ट. बांग साहेबांना नेपाळी येत नाही. ते कोरियनमध्ये बोलले, पबित्राने नेपाळीत सांगितलं. नेपाळी वाक्यात ‘मी’ आहे हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. आणि चहा पिऊन ते आत येतात आणि म्हणतात, मी ‘मी’ म्हटलंच नाही! मधल्या दहा मिनिटांत हे त्यांना कोणी सांगितलं? ज्याला दोन्ही भाषा येतात त्यानेच.”

“अंबिका शिकत होती की!” कार्की म्हणाले.

“‘चहा घ्या’ आणि ‘दार लावा’. एवढ्यात कर्त्याची भानगड समजावून सांगता येत असेल तर तिला दोनदा नापास करणारे गाढव म्हणायचे.”

अंबिका खाली बघून हसली. रिमाल सर हसले नाहीत.

“दुसरी गोष्ट. वहीतून एकच पान गेलं. घाईत फाडणारा दहा-बारा पानं एकदम ओढतो, किंवा अख्खी वही पळवतो. या वहीत एक अक्षर नाही. नुसत्या खुणा. त्यातलं नेमकं तेच पान ज्याने ओळखलं त्याला त्या खुणा वाचता येतात. अशी माणसं जगात नऊ. सात देशाबाहेर. आठवी ही, आणि ती स्वतःच्याच पुराव्याचं पान फाडणार नाही.”

“म्हणजे मी?” सर म्हणाले. आवाज शांत होता. “दिदी, मी गॅलरीत फोनवर होतो. तुम्हाला सांगितलं सकाळी.”

“सांगितलंत. तीच तिसरी गोष्ट. कार्कीसाहेब, बैठकीत फोन कुठे असतात?”

“टोपलीत. सगळ्यांचे. माझे दोन्हीही,” कार्की म्हणाले, आणि बोलता बोलताच सरांकडे वळून बघायला लागले.

“अंबिका?”

“चहानंतर दिले,” अंबिका म्हणाली. “सरांचा काळ्या पाकिटातला. तो मीच त्यांच्या हातात ठेवला.”

हवालदार खुर्चीत सरळ झाले. टोपलीचं त्यांनीही सकाळी ऐकलं होतं. त्यांच्याच कानांवर त्यांना राग आला.

“फोन नव्हताच. तुम्ही उघड्या दाराशी उन्हात उभे होतात. पण तेही सोडून देऊ. म्हणू, वय झालं, कुठला फोन कधी आला याचा घोळ झाला. चौथी गोष्ट घेऊ. अंबिका, कालचं वाक्य वाच.”

“‘जाळी काढायला मीच सांगितलं होतं.’”

“फूलमाया?”

“तेच. काढायला मीच सांगितलं.”

“कार्कीसाहेबांनीही मला तेच सांगितलं. सगळ्यांच्या तोंडी पबित्राचे शब्द, कारण त्यांनी तेवढेच ऐकले. मूळ कोरियन शब्द होता ‘काढ’. नुसता ‘काढ’. तो पबित्राने नेपाळीत उच्चारलाच नाही आणि काल कोणाला सांगितलाही नाही. तो दोनच ठिकाणी होता, बांग साहेबांच्या तोंडात आणि त्या फाटलेल्या पानावर. आज सकाळी मला कर्ता शिकवताना तुम्ही काय म्हणालात, सर? ‘आता बघा, काढ म्हटलं. कोणाला म्हणालं?’”

खोलीत फक्त पबित्राचा कोरियन आवाज चालू होता. मग तोही थांबला.

“मी... उदाहरण म्हणून बोललो,” सर म्हणाले.

“उदाहरणाला ‘ये’ होतं, ‘जा’ होतं, ‘बस’ होतं. काढण्याचंच हवं होतं तर तुम्ही काल आत आल्यावर जे उघडपणे ऐकलंत ते ‘काढून द्या’ होतं. तुमच्या तोंडात बसला तो दुसराच. दारातून ऐकला असेल तर गॅलरीचं खोटं. वहीत वाचला असेल तर पान तुमच्याकडे. बांग साहेबांनी तुम्हाला सांगितला असेल तर हवापाण्याचं खोटं. कोणत्या दाराने बाहेर पडायचं ते तुम्ही ठरवा.”

सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“आणि त्या शब्दाचं म्हणाल,” चिनीशोभा बांगकडे वळली, “‘काढ’ हा शब्द वरून खाली येतो. चोवीस वर्षांचा, परक्या मुलखातला, ओळीत सगळ्यात धाकटा मुलगा साहेबाला ‘काढ’ म्हणणार? तो ‘काढून द्या’ म्हणेल, हात जोडून. म्हणूनच चहानंतर शब्दच बदलावा लागला. पबित्राने ‘मी’ पदरचा घातला नाही. तो त्या ‘काढ’मध्ये होताच.”

पबित्राने ते शेवटचं वाक्य सांगितलं. या वेळी तिचा आवाज मोठा होता.

“सर,” ती मग नेपाळीत म्हणाली, “काल मी तुमच्या खोलीत तासभर रडले. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, शब्द काय होता ते. तुम्ही! वर्गात एका प्रत्ययासाठी आम्हाला उन्हात उभं करायचात. मी रात्रभर विचार करत होते, सरांनी का नाही विचारलं?”

रिमाल सर बोलले तेव्हा तिच्याकडे न बघता बोलले.

“वीस वर्षं तीस-तीस मुलांचे वर्ग घेतले. दोनशे मुलं, नवे बाक... वाटलं, एवढ्याशा ‘मी’ने काय बिघडतं? बांग घाबरले होते. मीच त्यांना म्हटलं, वाक्यात कर्ता नाही, यातून सुटता येईल. पान मी फाडलं. तुला मी फसवलं, पोरी.”

कार्कींच्या तोंडाचा आ झाला. हवालदार मात्र पबित्राकडे बघत होते. ती हे बांगना सांगेल का? हे सगळं तिच्याच तोंडाने तिला सांगावं लागणार होतं.

तिने सांगितलं, एकेक वाक्य. हवालदारांना कोरियन येत नव्हतं, पण तिचा आवाज कुठे अडखळला ते कळलं. बांग आधी दचकून तिच्याकडेच बघायला लागले, मग सरांकडे. तिने एकही शब्द सोडला नाही आणि ‘ते म्हणतात’ असंही कुठे जोडलं नाही. फाडलं मी, फसवलं मी, असं स्वतःच्या तोंडाने, समोरच्या माणसाच्या वतीने तिने पुरं केलं.

गॅलरीतून रस्त्यावरच्या भाजीवाल्याची आरोळी आत आली.

मग बांग उठले. कार्की “साहेब, विमान” असं काहीतरी म्हणाले, ते त्यांनी हाताने थांबवलं. ते फूलमायापुढे जाऊन उभे राहिले. खाली वाकले आणि बोलले. दोन वाक्यं, सावकाश.

पबित्राने तोंड उघडलं आणि मिटलं.

“सर,” ती म्हणाली, “हे तुम्ही सांगा.”

“मी?”

“दोन्ही भाषा येणारे इथे आपण दोघंच. माझ्यावर कालपासून कोणाचा विश्वास नाही. तुमच्यावर आहे. सांगा.”

सर खुर्चीचा हात धरून उठले. त्यांनी फूलमायाकडे बघितलं आणि लगेच नजर भिंतीकडे वळवली.

“ते म्हणतात की... जाळी काढायला सांगण्यात आलं होतं.”

“चुकलं, सर.”

वर्गात सरच म्हणायचे तसं ती म्हणाली, शांतपणे. रिमाल सरांच्या मानेपर्यंत लाली चढली.

“या वेळी वाक्यात कर्ता आहे,” पबित्रा म्हणाली. “पहिलाच शब्द. आणि ‘ते म्हणतात’ असं दुभाषी म्हणत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. परत सांगा. तिच्याकडे बघून सांगा.”

फूलमाया एक पाऊल पुढे आली. सरांना आता भिंत उरली नाही.

“जाळी काढायला,” ते म्हणाले, आणि थांबले. सगळे वाट बघत होते. “मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे, तुमच्या भावाची नाही.”

फूलमायाने पदर तोंडावर दाबला. कार्कींनी टेबलावरचा तो सहीचा कागद हळूच आपल्याकडे ओढायला घेतला. पबित्राने त्यावर हात ठेवला, तो घेतला आणि उभा फाडला.

मग ती अंबिकाकडे वळली. “आता बरोबर आहे. लिहून घे.”